सहरीची भाकर

आपा, आज अंगणवाडीच्या खिचडीत मीठ जास्त पडलं. सात पोरांनी ताटं पुढं सारली आणि चिमी म्हणाली, "टीचर, जैनबी आया कधी येणार हाय?" मी म्हटलं, पाणी पी आणि खा. तिनं पाणी प्यायलं, खाल्लं नाही.

तुझ्या जागी दुसरी मदतनीस येईपर्यंत पातेलं माझ्याकडं आहे. माझ्या हाताला मिठाचा अंदाज नाही हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. रमजानच्या महिन्यात तू दिवसा जिभेवर काही ठेवायची नाहीस, म्हणून ते तीस दिवस चव बघायचं काम माझं. तू पळीतलं थोडं सांबार माझ्या तळहातावर टाकायचीस, मी चाटून "बरोबर आहे" म्हणायची, आणि तू माझ्या तोंडाकडं बघून पातेल्यात आणखी चिमूटभर टाकायचीस. एकदा मी चिडून विचारलं, असंच करायचं तर मला विचारतेस कशाला? तर म्हणालीस, "तुझी जीभ खोटं बोलती. तोंड न्हाई बोलत."

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. तिसऱ्या दिवशी जियारतीला आलेल्या बायका सांगत होत्या की जैनबीनं उभ्या जन्मात कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. अठरा वर्षं तू मला रोज उलटून उत्तरं दिलीस, ते त्यांना कुठून माहीत असणार. आणि भांडणं तरी कशावरून, तर खाण्यावरून. बाकीची सगळी मिटली, एक राहिलं. गेल्या रमजानला मी तुझी पहाटेची, सहरीची भाकर बंद केली. त्यानंतर तुझी तब्येत उतरत गेली आणि तू गेलीस. त्यात माझा हात किती, हे मला तुलाच विचारायचं होतं. विचारायला नऊ महिने होते. मी विचारलं नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. सांगितल्याशिवाय मला नीट दिसत नाही. मी लग्न होऊन चिंताकीला आले तेव्हा तुमच्या-आमच्या घरांमध्ये छातीएवढी भिंत होती, अजून तेवढीच आहे. पुढं मी अंगणवाडीत टीचर झाले आणि तू आधीपासून तिथं आया होतीस. म्हणजे घरीदारी तूच. बाहेर तू मला टीचर म्हणायचीस, भिंतीपाशी महादेवी. वयानं सहा वर्षांनी मोठी म्हणून मी तुला आपा म्हणायची, पण एकेरीच. त्याबद्दल तुझी तक्रार नव्हती. तक्रार होती ती माझ्या शिकवण्याची.

मी टीचर झाले त्या पहिल्या रमजानला, दुपारी भाताचं पातेलं उतरवताना तुझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तू भिंतीला टेकलीस. मी विचारलं, पहाटे काय खाल्लं होतंस? तू म्हणालीस, "चा-खारी. आन् वर तीन तांबे पानी." मी नुकतीच बीदरहून आहाराचं प्रशिक्षण घेऊन आले होते. पंधरा दिवसांच्या त्या वर्गानं मला वाटायला लागलं होतं की अख्ख्या औराद तालुक्याचं पोट माझ्याच ताब्यात आहे. मी तुला भिंतीवरच्या तक्त्यापुढं उभी केली आणि सांगायला लागले. चहा-खारीनं दोन तासांत पोट रिकामं होतं. ज्वारीची भाकर, डाळ, दही, एखादं उकडलेलं अंडं, हे पोटात सावकाश जिरतं आणि दुपारपर्यंत साथ देतं. पाणी शेवटच्या पाच मिनिटांत उंटासारखं प्यायचं नसतं, रोजा सोडल्यापासून निजेपर्यंत थोडं थोडं प्यायचं. संध्याकाळी खजूर, पाणी, मग जरा थांबून जेवण. रिकाम्या पोटात पहिला घास तळलेला नको.

तू पदरानं तोंड पुसत तक्ता नीट बघितलास. "डाळ हाय, अंडं हाय, केळं हाय," म्हणालीस. "ह्यात भूक कुठं काढलीया?"

मग भज्यांवर घसरलीस. "भजी न्हाईत तर इफ्तार कसला गे? आन् तू सांगायलीस मला? तुझ्या उपासाला साबुदाणा, शेंगदाण्याचा लाडू, केळं, दूध. एकादशी आन् दुप्पट खाशी." आम्ही एकादशी करत नाही, श्रावणी सोमवार करतो, एवढंच उत्तर मला सुचलं. त्यावर तू दिवसभर हसत होतीस, आणि रोजा असताना इतकं हसू नये, दम लागतो, हेही मी तुला ऐकवलं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपाशी येऊन तूच म्हणालीस, "महादेवी, तुझ्या तव्यावर भाकर हाय का?" आमच्या मोटरीला लाइट पहाटेची असते. घरचे पाणी द्यायला निघतात म्हणून माझा तवा कोंबड्याच्या आधी तापतो. मी दोन भाकरी फडक्यात गुंडाळून दिल्या. पहिल्या दिवशी त्या तुझ्या घशाखाली उतरेनात, एवढ्या पहाटे भाकर खायची सवय कुणाला असते. तुझं तूच शोधून काढलंस. गरम भाकर कुस्करायची, त्यात दही, जरासा ठेचलेला लसूण, वरून भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट. तो काला तू उभ्यानंच खायचीस. त्या वर्षी पुन्हा भिंतीला टेकली नाहीस. मी हे दर रमजानला चारचौघांत सांगायची आणि तू म्हणायचीस, "व्हय बाई, तूच जगवलीस." भज्यांचा करार फक्त शुक्रवारी चार असा झाला होता. वास भिंतीवरून रोज यायचा आणि मी काही बोलत नव्हते.

असं सतरा वर्षं चाललं. तू चटकन दोन भाकरी घेऊन आत जायचीस, मला कधी बस म्हणाली नाहीस, मीही कधी थांबले नाही. वेळ अमावस्येला गाव शेतात जेवतं तेव्हा मात्र आमच्या कडब्याच्या कोपीपुढं सगळ्यात आधी तू पानावर बसायचीस आणि भज्जीत माझं मीठ कसं चुकलंय ते पाहुण्यांना सांगायचीस. ती भज्जी म्हणजे भाज्यांची आणि डाळींची, तुझी तळलेली नव्हे. यंदाची वेळ अमावस्या परवा झाली. भज्जी माझ्या जावेनं केली. चांगली झाली होती.

तुझी साखर निघाली तेव्हा सुरुवातीला तू तीही हसण्यावारी नेलीस. गोळ्या होत्या तोवर डॉक्टरांना विचारून, वेळा बदलून, बोटातलं रक्त तपासून तू एक रमजान पार पाडलास. मी तुझ्यामागं सावलीसारखी होते. त्यात मला आनंद होता हे कबूल करते. तुझं ताट बघायचा मला परवानाच मिळाला होता. पुढच्या वर्षी इंजेक्शन सुरू झालं, मूत्रपिंडावर परिणाम दिसायला लागला, आणि बीदरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यंदा रोजे नकोत, एकही नको. तुझ्या मौलानांनीही तेच सांगितलं होतं: आजाऱ्याला सूट आहे, बरं वाटलं तर थंडीच्या लहान दिवसांत भरून काढ. तुला हे सगळं पाठ होतं. दुसऱ्या बायकांना तू स्वतःच समजावलं होतंस, "तुला लेकरू व्हायचंय, नक्को धरू."

औरादच्या स्टँडवर आपण गाडीची वाट बघत बसलो होतो. तू म्हणालीस, "भाकर देशील न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाई."

"कामून?"

"डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐकलं न्हाईस का?"

"ऐकले. नऊ वर्षाची होते तवापासून एक रोजा सोडला न्हाई मी. बाळंतपणातले सुटले ते बी धरले नंतर. समदं घर धरंल आन् मी पडद्याआड बसून खाऊ व्हय?"

"खा की. देवानंच सूट दिलीया."

"सूट हाय ती आजाऱ्याला," तू म्हणालीस. तेवढ्यात गाडी आली आणि आपण वेगवेगळ्या सीटवर बसलो, कारण गर्दी होती. तुला आजारी व्हायचं नव्हतं, एवढीच गोष्ट होती. मला ती तेव्हाही कळली होती. पण कळूनही मी हट्ट धरला. माझा अंदाज असा की पोटात आधार नसला तर तू धरणारच नाहीस. सतरा वर्षं मीच तुझ्या डोक्यात भरलं होतं की भाकरीशिवाय दिवस निघत नाही. माझ्या शिकवण्यावर माझा तुझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. चूक झाली ती तिथं.

पहिल्या रोजाच्या पहाटे माझा तवा नेहमीसारखा तापला. तू भिंतीपाशी आलीस. "महादेवी," म्हणालीस, एकदाच. माझ्या हातात थापलेली भाकर होती. मी ती तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, पण ओ दिली नाही. तू थोडा वेळ थांबलीस. तुझ्या बांगड्या भिंतीला लागल्याचा आवाज झाला आणि मग तुझं दार वाजलं. त्या दिवशी मी जास्तीच्या दोन भाकरी सवयीनं केल्याच होत्या. त्या म्हशीला घातल्या.

तू रोजा धरलास. पाणी आणि दोन खजूर, एवढ्यावर, हे मला शबानाकडून कळलं. तुझी सून आपल्या दोघींमध्ये बिचारी जात्यातल्या दाण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशीही धरलास. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तू पोरांना पाटावर बसवताना मधेच थांबलीस आणि खाली बसलीस. अंगाला घाम, हात थरथरणारे, मी काय विचारतेय ते तुला कळेना. मी साखरेचं पाणी केलं आणि तुझी हनुवटी धरून पाजलं. तू तोंड फिरवत होतीस. मी सोडलं नाही. एकवीस पोरं बघत होती.

अर्ध्या तासानं सावध झाल्यावर तू पहिलं वाक्य बोललीस ते असं: "माझा रोजा तू मोडलीस."

मी म्हटलं, "मोडले. पुन्हा मोडीन."

त्यानंतर ईदपर्यंत तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. तांदूळ निवडले, डाळ संपली, अंडी आली. सांबाराची पळी माझ्या तळहातावर टाकायचीस, माझ्या तोंडाकडं बघायची नाहीस. रोज पहाटे तुझ्या घरात दिवा लागायचा, भांड्यांचा आवाज व्हायचा, आणि मी इकडं तव्यापाशी बसून हिशोब मांडायची की आज हिच्या पोटात काय गेलं असेल. मला वाटायचं, तू हट्टानं पाण्यावर रोजे ओढतेयस. शबानाला विचारलं तर ती "मला काय म्हाईत टीचर" म्हणून पदर सावरायची. तुझ्या मुलाला सांगावं म्हटलं, तर घरात भांडण लावलं असं झालं असतं. अंगणवाडीत तू पडली नाहीस, उलट चेहरा बरा दिसायचा. त्याचं मला नवल वाटायचं. पण माणूस ज्याची भीती धरतो तेच बघतो, समोरचं दिसत नाही.

ईदला शीरखुर्म्याचा डबा भिंतीवरून आला. तूच दिलास. "तुझा कमी गोड हाय," म्हणालीस, आणि झालं, आपण पुन्हा बोलायला लागलो. त्या महिन्याचा विषय तू काढला नाहीस, मी काढला नाही. पावसाळ्यात तुझ्या पायांवर सूज यायला लागली. मी तुला दवाखान्यात नेत होते, पथ्याचा कागद तुझ्या कपाटाला चिकटवत होते, तू त्याच्यावर ओली फडकी वाळत घालत होतीस. दसऱ्यानंतर तू कामावर येणं सोडलंस. मी रोज संध्याकाळी येऊन बसायची. आपण शिव्या घातल्या नाहीत असा तालुक्यात एक पुढारी राहिला नाही, पण मला जे म्हणायचं होतं ते ओठांवर येऊन मागं जायचं. तू थकलेली असायचीस. आणि खरं सांगायचं तर, तू "व्हय, तुझ्यामुळंच" म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं, हे मला माहीत नव्हतं.

वेळ अमावस्येच्या आठवडाभर आधी तू गेलीस. मी रडले, पण त्याबद्दल लिहीत नाही. तुला आवडलं नसतं आणि मलाही ते जमत नाही.

जियारतीच्या दुसऱ्या दिवशी शबाना भिंतीपाशी आली. म्हणाली, "टीचर, एक काम हाय. अम्मीचे रोजे राहिलेत. थंडीत धरते म्हणल्या होत्या, ते झालं न्हाई. आता दर रोजाला एका गरिबाला दोन वक्ताचं जेवण घालायचंय. अम्मीनं सांगून ठेवलंय, भाकर टीचरच्या तव्यावरची पाहिजे, सून नरम करती."

मी विचारलं, "किती रोजे?"

"अठ्ठावीस."

मी म्हटलं, तुझं काहीतरी चुकतंय, राहिला असेल तर तो मी मोडलेला एक. ती म्हणाली, "न्हाई टीचर. त्या दिवसापासून अम्मीनं धरलेच न्हाईत. तीस रोजांतले पहिले दोन तेवढे झाले."

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी घरी आल्यावर तू बराच वेळ पलंगावर बसून राहिलीस आणि मग तिला ताट वाढायला सांगितलंस. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठायचीस ती मुलासाठी आणि सुनेसाठी सहरी करायला, स्वतःसाठी नव्हे. ते दोघं खायचे, तू वाढायचीस. मग उजाडल्यावर इंजेक्शन घेऊन, आतल्या खोलीत बसून, दही-भाकर नीट खायचीस. भाकर शबानाच्या हातची. दुपारी अंगणवाडीतून घरी जाऊन पुन्हा. तक्त्यात आहे तसं, डाळ, अंडं, सगळं.

"मग मला कामून सांगितलं न्हाईस?" मी शबानाला म्हटलं. माझा आवाज चढला होता.

ती घाबरली, मग जरा हसली. "अम्मीनं शपथ घातली होती. म्हणल्या, तिनं मला ओ दिली न्हाई. तिला बी महिनाभर तसंच राहू दे. ईदला सांगते मी."

ईदला तू सांगितलं नाहीस. कदाचित डबा देताना सांगणार होतीस आणि मी "गोड कमी आहे ना?" हे आधी विचारलं असेल. मला तसं आठवत नाही, पण मी तसं विचारलंच असेल, माझा स्वभाव तो. पुढं तुलाही ते ओठांवर येऊन मागं गेलं असेल. नऊ महिने आपण दोघी एकाच गोष्टीच्या दोन बाजूंना गप्प बसून होतो आणि मधे पुढाऱ्यांना शिव्या घालत होतो.

मला तुझा राग आला, आपा. अजून आहे. तू अठ्ठावीस दिवस पडद्याआड पोटभर जेवलीस आणि इकडं मला एक भाकर धड गेली नाही. घरच्यांनी दोनदा विचारलं, उपास धरलायस का म्हणून. आणि तरी शबाना गेल्यावर मी ओट्याशी बसले तेव्हा जरा हलकं वाटलं. तू माझं ऐकलं होतंस. मी सतरा वर्षं सांगत होते त्यातलं सगळ्यात अवघड तेवढं ऐकलंस, जे ऐकायला तुला स्वतःला आजारी म्हणावं लागलं. भाकर बंद केली याचा मला पश्चात्ताप नाही, साखरेचं पाणी पाजलं याचा तर अजिबात नाही. ओ दिली नाही, त्याचा आहे. ओ देऊन न्हाई म्हणता आलं असतं. तुझ्याशी समोरासमोर भांडता आलं असतं, ते तर आपल्याला चांगलं जमत होतं. त्याची माफी मागायची राहिली, ती मागते.

आजपासून सुरुवात केली. वेशीजवळ एकटी राहणारी खाजाबी तुला माहीत आहे, जिला तू लपवून अंडी द्यायचीस आणि मी लपून बघायची. शबानानं तिलाच सांगितलं होतं. पहाटे मी चार भाकरी करून दिल्या, दोन दुपारच्या, दोन संध्याकाळच्या. अंगणवाडी बंद करून आले तेव्हा ती तुमच्या ओसरीवर संध्याकाळचं जेवायला बसली होती. डाळ होती, मेथीची भाजी होती, दही होतं. मी शबानाला विचारणार होते की तेल किती घातलंस, पण विचारलं नाही. खाजाबीला दात नाहीत. ती भाकर डाळीत बुडवून सावकाश खात होती, आणि दुसरी संपल्यावर तिनं शबानाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. मी घरी जाऊन आणखी एक टाकून आणली, तीही तिनं संपवली.

हात धुऊन उठताना ती म्हणाली, "बाई, उद्या बी येऊ का?"

मी म्हटलं, "ये. अजून सत्तावीस दिवस ये."